लाल फिल्टर आणि पुसलं गेलेलं कुंकू
तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड कॅनन 1100डी कॅमेरा घेतला, मोनोक्रोम (कृष्णधवल) लावलं तरी फोटो नुसते राखाडी येतात आणि रंगीत फोटोंना घरच्या जुन्या अल्बमची ऊब नाही. माझा कॅमेरा हाच आणि रडगाणंही हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राखाडीपणावर मला सापडलेला उपाय म्हणजे मोनोक्रोमच्याच मेनूत कॉन्ट्रास्ट (गडद-उजळातला फरक) +4 आणि फिल्टर लाल. आभाळ काळंभोर, ढग पांढरेशुभ्र! त्याच सेटिंगवर पालखीबरोबर दिवे घाट चढलो. कार्डात जागा राहावी म्हणून रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) बंद, फक्त जेपेग (कॅमेऱ्याने सेटिंग लावून तयार केलेला फोटो). उघडीप होती. डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत एका आजींनी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरी फोटो मोठा करून बघतो तर कपाळ कोरं. लाल फिल्टर लाल रंगच उजळ करतो, त्यात कुंकू कातडीत मिसळून गेलं. मागच्या भगव्या पताका फिक्या पडलेल्या, वाढवलेल्या कॉन्ट्रास्टने टोप्या आणि धोतरांत एक सुरकुती शिल्लक नाही. कृष्णधवल जेपेगमध्ये रंग उरतच नाहीत, आणणार कुठून? दिवसभराचे सगळे फोटो तसेच. त्या आजींचा फोटो मला अजून सलतो.

म्हणून रॉ+जेपेगच लावा, यावर मी तडजोड करणार नाही. स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये रंग शाबूत राहतात आणि डीपीपी या कॅननच्या फुकट कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर नंतरही बदलता येतो. माणसांना पिवळा फिल्टर पुरे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म वापरणारे माझे काकाही तोच लावायचे. हिरव्याने कुंकू गडद येतं, पण चेहऱ्यावरचे डागही उठून दिसतात. कॉन्ट्रास्ट +1 च्या वर नको. राखाडीपणा बहुतेकदा सपाट उजेडाचा असतो, एकदा खिडकीशी माणूस बसवून बघा.

रंगीतसाठी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असायची, घरातल्या पिवळ्या बल्बखाली ती केशरी झुकायची. अल्बमची ऊब बरीचशी तिथली. ऑटो नेमकी तीच पुसायला बघतो. फिल्मच्या निगेटिव्हला जादा उजेड पचायचा, सेन्सरला पचत नाही, म्हणून कडक उन्हात एक्स्पोजर -2/3 (म्हणजे फोटो जरा गडद) आणि कॉन्ट्रास्ट -2.

मी व्यावसायिक नाही, नोकरी सांभाळून फोटो काढतो. निकॉन-सोनीच्या मेनूत नावं वेगळी असतील. पण विकतच्या प्रीसेटवर (तयार एडिटिंग सेटिंगवर) पैसे घालू नका, ते दुसऱ्याच्या उजेडावर बेतलेले असतात.

आणि हो, प्रिंटला देताना ‘करेक्शन करू नका’ असं बजावून सांगा. मशीन आपलं ऑटो लावतं, शिवाय कृष्णधवल फोटो रंगीत कागदावरच छापतात, मग हिरवट झाक येते. आधी एकच 4×6 काढून घ्या आणि दुकानाच्या दाराबाहेर उजेडात धरून बघा.