वाचकांचे प्रश्न: टिनटिनच्या सिनेमात अ‍ॅनिमेटरनं नेमकं केलं काय?

प्रश्न: २०११ चा टिनटिनचा सिनेमा परत पाहिला, मजा आली. पण त्यात जेमी बेल टिनटिन झाला होता, अँडी सर्किस कॅप्टन हॅडॉक, दोघांनी ठिपक्यांचे सूट घालून सगळी अ‍ॅक्टिंग केली असं वाचलं. मग अ‍ॅनिमेटरला काम काय उरलं? याला अ‍ॅनिमेशन म्हणायचं तरी का?

उत्तर: म्हणायचंच, ठासून म्हणायचं! हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि दरवेळी मला वेलिंग्टनच्या वेटा डिजिटल या अ‍ॅनिमेशन-इफेक्ट्स स्टुडिओतल्या लोकांसाठी वाईट वाटतं, कारण त्यांची सगळी मेहनत एका सूटच्या नावावर जमा होते.

मोशन कॅप्चरमध्ये होतं काय, तर अ‍ॅक्टरच्या अंगावर ठिपके असतात, चारी बाजूंनी कॅमेरे असतात आणि ते कॅमेरे फक्त ठिपका कुठून कुठे गेला एवढंच नोंदवतात, शिवाय डोक्याला बांधलेला एक छोटा कॅमेरा चेहऱ्यासमोर असतो तो ओठ, भुवया, डोळे टिपतो. बास, इथपर्यंत फक्त कच्चा माल. आता सर्किसचा चेहरा डोळ्यासमोर आणा आणि शेजारी हॅडॉकचा. ते नाक, ती दाढी! सर्किसची भुवई जितकी हलली तितकीच हॅडॉकची हलवली तर त्या एवढ्या दाढीमिश्यांत कुणाला दिसणारही नाही. मग कुठे वाढवायचं, कुठे आवरायचं, बोटं बाटलीवर नीट टेकलीत का, पाय जमिनीवरून सरकतोय का, हे माणूस बसून ठरवतो, फ्रेम बाय फ्रेम. सर्किसची अ‍ॅक्टिंग जबरदस्तच आहे, ते नाकारत नाहीये, पण ती हॅडॉकच्या तोंडावर आपोआप जाऊन बसत नाही.

आणि खरं उत्तर हवं असेल तर स्नोईकडे बघा. त्या कुत्र्याला कुणीही सूट घातलेला नाही, तो पूर्ण हातानं अ‍ॅनिमेट केलाय. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात सगळ्यात जिवंत तोच वाटतो. टिनटिन कुठल्या तरी कागदाकडे बघत उभा असतो आणि मागे हा पठ्ठ्या स्वतःच्याच नादात काहीतरी हुंगत असतो, मूळ कॉमिक्स काढणाऱ्या एर्जेच्या चौकटींच्या कोपऱ्यात कसं चाललेलं असायचं अगदी तसं. त्यात पांढरी फर म्हणजे कंप्युटरसाठी अवघड काम, उजेड एका केसावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा आतल्या आत फिरतो आणि तो हिशोब चुकला की कुत्रा मळकट तरी दिसतो नाहीतर प्लॅस्टिकचा.

सुरुवातही कुत्र्यापासूनच झाली होती हं. दिग्दर्शक स्पीलबर्गच्या डोक्यात खऱ्या माणसांचा सिनेमा होता, फक्त स्नोई कंप्युटरचा, आणि त्याच्या टेस्टसाठी तो वेटावाल्या पीटर जॅक्सनकडे गेला. जॅक्सनचं म्हणणं पडलं की एर्जेची माणसं खऱ्या नटांमध्ये बसवण्यापेक्षा अख्खं जगच कंप्युटरवर उभं करू. किती बरं झालं!

राहिला पुरस्कारांचा भाग. अ‍ॅनिमेशनचा गोल्डन ग्लोब याला मिळाला, ऑस्करला मात्र त्या गटात नॉमिनेशनसुद्धा नाही. अकॅडमीच्या नियमांत नुसतं मोशन कॅप्चर म्हणजे अ‍ॅनिमेशन धरत नाहीत. नियम असेल, पण स्नोई बघून नॉमिनेशनही न देणं मला तरी पटत नाही.

प्रश्न: माझ्या मुलीला कॉमिक्स खूप आवडतात पण सिनेमातला टिनटिन बघून ती म्हणाली याचा चेहरा विचित्र वाटतो. तिला हॅडॉक मात्र आवडला. असं का?

उत्तर: मुलीची नजर चांगली आहे हो. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९७० मध्येच हे मांडलंय, की बाहुला किंवा रोबो माणसासारखा होत गेला की आपल्याला तो आवडत जातो, पण जवळजवळ माणूस झाला आणि थोडंसंच कमी पडलं की एकदम नकोसा वाटायला लागतो. २००४ च्या, मोशन कॅप्चरनंच केलेल्या 'द पोलर एक्सप्रेस'वर डोळे निर्जीव वाटतात म्हणून किती टीका झाली होती. टिनटिनचे डोळे त्यापेक्षा खूप पुढचे आहेत, ओलसर दिसतात, नजर ठरते.

पण टिनटिनची अडचण वेगळीच आहे. कॉमिक्समध्ये त्याचा चेहरा म्हणजे डोळ्यांचे दोन ठिपके, छोटंसं नाक आणि तोंडाची एक रेष, बाकी मोकळं. १९२९ पासून वाचणारा प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेत स्वतःला बसवत आलाय. तिथे त्वचा, छिद्रं, बारीक लव आली की तो आपला न राहता कुणीतरी तिसराच मुलगा होतो. हॅडॉक पहिल्यापासूनच भरगच्च, राग, दारू, शिव्या, सगळं तोंडावर, त्यामुळे कितीही तपशील टाका, तो सहन करतो.

तिला २०१५ चा चार्ली ब्राउन आणि स्नूपीचा सिनेमा दाखवा. तिथे उलटा रस्ता घेतलाय, डोकं गोल थ्रीडी पण भुवया, तोंड, डोळे मूळ चित्रकार शुल्झच्या पेनानं ओढल्यासारख्या रेषांचे, आणि हालचाल मुद्दाम थोडी तुटक ठेवलीय.

प्रश्न: टिनटिनच्या सिनेमातल्या बागार शहरामधला पाठलाग खरंच एका शॉटमध्ये आहे का? आणि कंप्युटरवर कट न करणं सोपंच असेल ना?

उत्तर: हो, अडीच मिनिटांच्या आसपास सलग एकच शॉट. धरण फुटलेलं, पाणी उतारावरून शहरात घुसतंय, टिनटिनची मोटरसायकल हळूहळू सुटी होत चाललीय. कॅमेरा कुठेही नेता येतो हे खरं, पण म्हणूनच अवघड आहे. कट असला की चुकलेली जागा झाकता येते, इथे पाणी, माणसं, मोडणाऱ्या इमारती, सगळं एकाच धाग्यात शेवटपर्यंत जुळायला हवं आणि एवढ्या गोंधळात बघणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते कळायला हवं. पुढच्या वेळी आवाज बंद करून बघा आणि नजर फक्त त्या तीन जुन्या कागदांवर ठेवा. ते कोणाकडून कोणाकडे जातात, खलनायकाच्या ससाण्यापर्यंत कसे पोचतात. एकदाही हरवत नाहीत.