कूलंटचा पाइप घरी बदलताना

आपण हे काम प्रथमच करत आहात, म्हणून एक आग्रह आधी धरतो: परभणी-लातूरच्या उन्हात चालून आलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये, कारण आतल्या दाबाने उकळते कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) थेट तोंडावर उडते. घट्ट चिकटलेला जुना पाइप हिसका देऊन ओढू नये. टोकाशी ब्लेडने अलगद उभा चिरावा, म्हणजे रेडिएटरचे प्लास्टिकचे तोंड तुटत नाही. रेडिएटरच्या त्या तोंडावरचा पांढरा, खरखरीत थर पुसूनच नवा पाइप चढवावा. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षारयुक्त, म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे, साधारणपणे ५०:५०. सांडलेले कूलंट चवीला गोड पण विषारी असते. अंगणातील जनावरे ते चाटणार नाहीत, याची कृपया काळजी घ्यावी.