‘मी जेवलोय’ डचमध्ये कसं म्हणायचं?

प्रश्न नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून एका मराठी गृहस्थांनी पाठवला आहे. दुपारच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी जेवायला बोलावलं, तेव्हा या गृहस्थांनी ‘इक बेन आल ख़ख़ेतन’ असं सांगितलं आणि टेबलावर हशा पिकला. ‘माझं जेवण झालंय’ असं त्यांना म्हणायचं होतं. चुकलं कुठे? (नुक्ता दिलेला ख़ म्हणजे घसा खरवडून काढायचा डच ‘ग’.)

चुकलं एवढंच, की त्या वाक्याचा अर्थ ‘मला कुणीतरी आधीच खाल्लंय’ असा होतो. हवं होतं ‘इक हेप आल ख़ख़ेतन’.

चूक मात्र अस्सल मराठी आहे. ‘जवळ असणं’ सांगणारं स्वतंत्र क्रियापद आपल्याकडे नाही, ‘माझ्याकडे सायकल आहे’ म्हणून आपलं भागतं. पूर्ण वर्तमानकाळातही सगळीकडे ‘आहे’च: गेला आहे, खाल्लं आहे, झोपला आहे. डचमध्ये त्या जागी दोन क्रियापदं येतात, हेबन (जवळ असणे) आणि झेइन (असणे). ‘मी’बरोबर त्यांची रूपं हेप आणि बेन, ‘तो’बरोबर हेफ्त आणि इस. त्यामुळे ‘आहे’वर विसंबलात की फसलात.

त्यापेक्षा कर्त्याकडे बघा. ‘मी’ने काही कळत नाही, म्हणून वाक्य तृतीय पुरुषात न्या. ‘त्याने’ आलं, तर बहुतेक वेळा हेबन: त्याने सायकल घेतली, त्याने पत्र लिहिलं. (सुरुवात करणं हा ठळक अपवाद, तिथे ‘इस बख़ॉनन’.) ‘तो’ आलं, तर आणखी एक प्रश्न विचारायचा: जागा किंवा स्थिती बदलली का? गेला, आला, पडला, मेला यांना झेइन. हसला, रडला, झोपला, जेवला यांना हेबन. ‘राहिला’मध्ये काहीच बदलत नाही, तरी त्याला झेइन लागतं, हे पाठच करा.

याहून गमतीचं क्रियापद विसरण्याचं आहे, फरख़ेतन. मराठीतही ते जरा तिरकंच. कर्म असूनही आपण ‘तो नाव विसरला’ म्हणतो, ‘त्याने नाव विसरलं’ नाही. डचमध्ये नाव डोक्यातून गेलं असेल तर ‘इक बेन हार नाम फरख़ेतन’, म्हणजे तिचं नाव विसरलो. (नाम हा शब्द आपलाच वाटतो ना? नातं खरंच आहे.) छत्री घरी राहिली असेल तर मात्र ‘इक हेप मेइन परप्लू फरख़ेतन’. बोलताना डच लोकही ही सीमा नेहमी पाळतात असं नाही, पण फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सायकलचंही तसंच. तासभर नुसती चालवली तर ‘इक हेप ख़फीत्स्त’, सायकलने घरी आलात तर ‘इक बेन नार हाउस ख़फीत्स्त’. मराठीत आपण इथे क्रियापदच बदलतो: सायकल चालवली, सायकलने आलो.

साधा भूतकाळ कधी, हेही त्यांनी विचारलं आहे. बोलताना बातमी हेबन-झेइनच्या याच पूर्ण वर्तमानकाळात द्यायची, मराठीत आपण ‘काल उत्रेख्तला गेलो होतो’ म्हणत असलो तरी. मग थंडी होती, गर्दी होती हा तपशील साध्या भूतकाळात. ‘होता’साठी ‘वास’ आणि ‘जवळ होतं’साठी ‘हात’ ही दोन रूपं तर बोलण्यातही सर्रास येतात.

राहिला शब्दक्रम. ‘इक हेप ख़िस्तरन एन फीत्स ख़कॉख़्त’ म्हणजे काल मी सायकल घेतली. हेप दुसऱ्या जागी, ख़कॉख़्त पार शेवटी, मधला सगळा ऐवज दोघांच्या पकडीत. डच व्याकरणात या रचनेला ‘तांग’ म्हणजे चिमटाच म्हणतात. ‘काल’ पुढे आणलात तर कर्ता क्रियापदाच्या मागे सरकतो: ‘ख़िस्तरन हेप इक...’. आपण ‘काल मी’ म्हणतो, म्हणून इथे जीभ हमखास घसरते.

‘ऑमदात’ म्हणजे ‘कारण’ आलं, की चिमटा मिटतो आणि दोन्ही क्रियापदं शेवटी जातात. ‘हेप ख़कॉख़्त’ हा लाल क्रम, ‘ख़कॉख़्त हेप’ हा हिरवा. ही नावं बोलीभाषांच्या नकाशातल्या रंगांवरून पडली. दोन्ही शुद्ध आहेत. हिरवा आपल्या ‘घेतली आहे’सारखाच चालतो, तेव्हा बेलाशक तो वापरा. पुढच्या वेळी कुणी जेवायला बोलावलं तर ‘नको, ऑमदात इक आल ख़ख़ेतन हेप’.