पान ओळखायचंय? आधी देठ बघा

आकारांची नावं पाठ करायची घाई करू नका. हृदयाकृती, भालाकृती, अंडाकृती हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. आधी एक पान नेमकं कुठे सुरू होतं, ते शोधायला शिका.

कडुनिंबाची फांदी हातात घ्या. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीकसा कोंब दिसेल. पान तिथूनच सुरू होतं. दातेरी कडेच्या 'पानां'च्या तळाशी मात्र तो कधीच सापडणार नाही, कारण त्या पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे भाग आहेत आणि अख्खी डहाळीसारखी दिसणारी गोष्ट मिळून एकच संयुक्त पान. पळस, बेल, काटेसावर, सगळीकडे हीच खूण लागू पडते. कोंब फार बारीक असतो, म्हणून भिंग जवळ ठेवाच.

मग देठ पात्याला, म्हणजे पानाच्या पसरट भागाला, कुठे जोडलाय ते पाहा. रुईच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. पिंपळाला लांब, बारीक देठ, म्हणून जराशा झुळुकीनेही सळसळ. कमळाचा देठ पात्याच्या मधोमध खालून जोडलेला असतो, त्याला छत्राकृती म्हणतात. कमळासारख्याच पाण्यात वाढणाऱ्या कुमुदाच्या पानाला मात्र कडेपासून देठापर्यंत खाच असते. फूल नसलं तरी एवढ्यावरून दोघांत फरक करता येतो. एरंडाचं पान उलटं करून बघा, तेही छत्राकृतीच! हाताच्या बोटांसारख्या खंडांकडे लक्ष जातं आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

आणि एकाच पानावरून निर्णय देऊ नका. त्याच झाडाची कोवळी, जून, वरची, खालची अशी चार पानं शेजारी ठेवून मगच वहीत नोंद करा.