भाची आली आणि आजोबा गप्प झाले
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : लोकमान्यनगरातल्या एका मराठी कुटुंबावरचं वेबकॉमिक आम्ही आठ-दहा जण नऊ वर्षं दर रविवारी वाचतोय. तीन महिन्यांपूर्वी त्यात मुंबईची भाची आली आणि आमच्यात दोन तट पडले. एका गटाला वाटतं, तिच्यामुळे घराला जाग आली. दुसऱ्या गटाच्या मते ती 'मेरी सू' आहे, सगळं तिलाच येतं. खरं कोणाचं हे ठरवायची काही रीत आहे का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आहे, पण त्यासाठी वही-पेन घेऊन बसावं लागेल. भाची येण्याआधीचे तेरा भाग घ्या आणि आल्यानंतरचे तेरा. भागाला सहा चौकटी धरल्या तर दोन्हीकडे अठ्ठ्याहत्तर होतात. प्रत्येक भागापुढे चार गोष्टी लिहा : कोण किती चौकटींत दिसलं, शेवटचा फुगा (म्हणजे संवाद) कोणाचा, निर्णय कोणी घेतला आणि चूक कोणाची निघाली. बहुतेक जण फक्त पहिली गोष्ट मोजतात आणि तिथेच फसतात. नवं पात्र सुरुवातीला जास्त दिसणारच, कारण त्याची ओळख करून द्यायची असते. खरं दुखणं शेवटच्या दोन रकान्यांत सापडतं. तेरा भागांत भाची एकदाही चुकली नसेल आणि घरातले बाकीचे दर भागात चुकत असतील, तर नाराज गटाचं म्हणणं बरोबर आहे.

'मेरी सू' हा शब्द मात्र जपून वापरा. पॉला स्मिथ यांनी 1973 साली 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या एका विडंबनातलं हे नाव आहे. त्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, आणि तिच्यापुढे भलेभले विरघळतात. म्हणजे पात्र हुशार असणं हा दोष नव्हे. ते आल्याबरोबर बाकीच्यांची अक्कल कमी होते, हा दोष. नऊ वर्षं घरातला प्रत्येक पेच सोडवणारे आजोबा भाचीसमोर साधा फ्यूज बदलताना गोंधळत असतील, तर ती लेखकाने केलेली लबाडी आहे. भाचीला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

निकाल देण्याआधी आणखी एक करा. ते तेरा भाग एका बैठकीत वाचा. आठवड्याला एक भाग या वेगाने त्यांना तीन महिने लागले, सलग वाचले तर पंधरा-वीस मिनिटांत संपतात. आठवडाभर थांबून पुन्हा भाचीच दिसली की चिडचिड होते. सलग वाचताना तीच गोष्ट कधीकधी नीट चाललेली वाटते. सलग वाचूनही ती खटकली तर समजा, तक्रार पक्की.

प्रश्न : घरगुती विनोदाचं साप्ताहिक वेबकॉमिक काढतो. त्यातल्या नव्या पात्रावर वाचक फारच तुटून पडलेत. त्याला मारून टाकू का? चार भाग तयार आहेत.
– एक चित्रकार, रामबाग, इंदूर

उत्तर : नका मारू. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या अमेरिकी चित्रपट्टीत 30 नोव्हेंबर 1954 रोजी शार्लट ब्राउन नावाची मुलगी आली. तिचा एकच गुण : मोठ्याने बोलणं. एका वाचक बाईंनी तिला काढून टाकण्याची विनंती केली. शुल्झ यांनी 5 जानेवारी 1955 च्या उत्तरात ती मानली, वर थट्टेने बजावलं की एका निष्पाप पोरीच्या मरणाचं पाप तुमच्या माथी. सोबत डोक्यात कुऱ्हाड बसलेल्या शार्लटचं चित्रही काढलं. पण ती कुऱ्हाड पत्रापुरतीच. पट्टीत कोणी मेलं नाही. 1 फेब्रुवारीला ती शेवटची दिसली आणि मग आलीच नाही. अवघ्या दहा पट्ट्या. मोठ्या आवाजाचं काम त्याच पट्टीतल्या ल्युसीकडे होतंच, तिथे ते शोभलं.

उलट उदाहरण पॉपायचं. ई. सी. सेगर यांची 'थिंबल थिएटर' ही पट्टी डिसेंबर 1919 पासून चालू होती, तिच्यातल्या ऑलिव्ह या मुलीचा प्रियकर हॅम ग्रेव्ही होता. जानेवारी 1929 मध्ये एका सफरीसाठी भाड्याने घेतलेला खलाशी म्हणून पॉपाय आला. सफर संपल्यावर त्याला निरोपही दिला होता. वाचकांनी त्याला परत बोलावलं, आणि जागा गेली ती हॅमची. दहा वर्षांचा मुरलेला नायक होता तो! तेव्हा पात्र काढायचंच झालं तरी परतीचं दार उघडं ठेवा. मुंबईचं असेल तर अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसवून द्या. मेलेलं पात्र परत आणायला स्वप्न, जुळा भाऊ असल्या युक्त्या लागतात आणि त्या वाचक माफ करत नाहीत.

त्याआधी दुरुस्ती करून बघा. चार भाग तयार म्हणजे आज घेतलेला निर्णय वाचकाला महिन्याने दिसणार. म्हणून चित्रं राहू द्या, फक्त शेवटचे फुगे बदला. मजकूर वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या स्वतंत्र थरावर, ठेवला असेल तर तासाभराचं काम. चित्रात मिसळून सपाट केला असेल तर त्या चौकटी पुन्हा काढाव्या लागतील. पुढच्या वेळी मूळ फाइल लेयरसकट जपा.

फुगा बदलायचा म्हणजे काय ते पाहा. समजा, नवं पात्र मुंबईची मुलगी आहे. सकाळी पोहे चाललेत. चौथ्या चौकटीत ती म्हणते, "पोह्यांत बडीशेप कोण घालतं?" पाचवीत आजी गप्प. सहावीत मुलगी विजयी चेहऱ्याने चहा पिते. इथे वाचक चिडतो, कारण इंदूरच्या पोह्यांचा अपमान झाला आणि घरच्यांनी निमूट ऐकून घेतला. आता पाचव्या चौकटीत आजीला एवढंच म्हणू द्या, "जीरावण घे की वरून." (जीरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला.) सहावीतला चहा तोच, चेहरा तोच, फुगा फक्त, "पाणी! पाणी!" मुलगी तशीच आगाऊ राहते, पण तिला किंमत मोजावी लागते. असे तीन-चार भाग झाले की पात्र घरात बसू लागतं.

जाहीर माफीनामा मात्र नको. ज्यांचं लक्षही नव्हतं ते जुने भाग उघडून दोष शोधत बसतात.

प्रश्न : माझ्या कॉमिकमधली नवी मुलगी सारखी ओरडते. तिचे फुगे ठळक केले की अक्षरं डागासारखी दिसतात. फोटोशॉपमध्ये वेलांट्याही भलत्या जागी जातात.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : इंग्रजीत कॅपिटल अक्षरं टाकली की पात्र ओरडतं, देवनागरीत ती सोय नाही. फक्त ठळक केलं तर 'क्ष', 'ष', 'ण' यांच्या पोकळ्या बुजतात आणि मोबाइलवर काळे ठिपके उरतात. त्यापेक्षा आकार पंधरा-वीस टक्के वाढवा आणि फुग्याची कड काटेरी करा. आठशे पिक्सेल रुंदीच्या पानावर साधं बोलणं तीस पिक्सेलचं असेल तर ओरडणं पस्तीस-छत्तीसचं पुरे. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

वेलांटी सरकते ती फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत. प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली 'वर्ल्ड-रेडी लेआउट' किंवा 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि नवी फाइल घ्या. जुन्या फाइलमधला मजकूर आपोआप सुधारेलच असं नाही. फॉन्ट युनिकोडच हवा. एकदा 'दुसऱ्या' आणि 'सुऱ्या' टाइप करून बघा. त्यातला अर्धा र नीट उमटला नाही तर दुसरा फॉन्ट घ्या.