पैठणीच्या वेबसाइटसाठी एफडी मोडू नका

प्रश्न: आम्ही येवल्यात पैठणी विणतो. घरचे सहा माग आहेत, वर्षाला साधारण ११५ साड्या निघतात. त्यातल्या ७० पुण्या-नाशिकच्या दुकानदारांना सरासरी १२,००० ला जातात आणि पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. ४५ साड्या व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट ग्राहकांना सरासरी १५,५०० ला विकतो. आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. एका कंपनीने सगळी नव्याने बांधून देण्याचे २,४०,००० अधिक जीएसटी सांगितले आहेत. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे वर्षाला ३०,००० आणि होस्टिंगचे, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवण्याचे, पहिल्या वर्षापासून ८,०००. त्यात ग्राहक रंग, काठ, पदर निवडून साडी कशी दिसेल ते बघू शकेल. भाचा म्हणतो, शॉपिफायसारख्या तयार बिल्डरवर, म्हणजे भाडं भरून तयार साच्यात साइट मांडून देणाऱ्या सेवेवर, वर्षाला वीस-पंचवीस हजारांत भागेल. मिस्टर म्हणतात, ते भाड्याचं घर, आपल्याला स्वतःचं हवं. पतसंस्थेत साडेतीन लाखांची एफडी आहे. ती मोडावी का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. भाच्याचं ऐका, तेही त्यातला स्वस्तातला प्लॅन घेऊन.

आधी पाच वर्षांचा हिशेब मांडू. बांधून घेतलेल्या साइटचे २,४०,०००, चार वर्षांची देखभाल १,२०,०००, पाच वर्षांचं होस्टिंग ४०,०००. जीएसटी बाजूला ठेवला तरी चार लाख झाले. बिल्डरचे वर्षाला २४,००० धरले तर पाच वर्षांचे १,२०,०००. सुरुवातीला चांगले फोटो काढून घ्यायला आणि साइट मांडून घ्यायला ४०,००० ठेवा. एकूण १,६०,०००.

हे पैसे सुटणार कुठून? तुमचे माग आधीच भरलेले आहेत. वेबसाइट आली म्हणून ११५ च्या दीडशे साड्या होणार नाहीत. फायदा एकाच ठिकाणी आहे: दुकानदाराकडे जाणारी साडी थेट ग्राहकाकडे गेली, की तिच्यामागे ३,५०० जास्त मिळतात, आणि तेही रोख. या दराने चार लाख वसूल व्हायला पाच वर्षांत ११५ साड्या वळवाव्या लागतील, म्हणजे सहाही मागांचं वर्षभराचं काम. बिल्डरचा खर्च ४६ साड्यांत निघतो, वर्षाला नऊ-दहा. बांधून घेतलेल्या साइटसाठी हाच आकडा वर्षाला २३ होतो. म्हणून कंपनीला एवढंच विचारा, की वरच्या तेरा-चौदा साड्या दर वर्षी तुमच्या साइटमुळे कशा विकल्या जातील? तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये जाहिरातीचा, फोटोंचा किंवा गुगलवर वर दिसण्याच्या कामाचा एक रुपयाही नाही. सगळी रक्कम बांधकामाची आहे.

रंग-काठ निवडायच्या सोयीचं तुम्हाला आकर्षण वाटतंय, ते मला समजतं. पण तुमचा माल डोळ्यांसमोर आणा. ताण्याचा एक रंग, बाण्याचा दुसरा, आणि त्यातून येणारी धूपछाव, म्हणजे कोनाप्रमाणे बदलणारी रंगाची झाक. ती कापड हलवल्याशिवाय दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ग्राहकाने निवडलेला जांभळा आणि तुमच्या रेशमाला चढलेला जांभळा एकसारखे निघतीलच असं नाही, आणि मग कित्येक दिवस खपून विणलेली साडी परत येण्याची भीती. आज तुमचे थेट ग्राहक व्हिडिओ कॉलवर, दिवसाच्या उजेडात साडी पाहून पैसे पाठवतात. विक्री त्या कॉलवर होते. वेबसाइटने अनोळखी माणसाला तो कॉल करण्याइतका विश्वास दिला की तिचं काम झालं.

तो विश्वास फोटो देतात, म्हणून चाळीस हजारांतला मोठा वाटा फोटोंवर घाला. पदराची उलटी बाजू जवळून दाखवा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. सुलट-उलट दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी-शेजारी लावले, तर साडेतीन हजारांची ‘पैठणी’ पाहून आलेल्या ग्राहकाला किमतीतला फरक कळेल. सिल्क मार्क (खऱ्या रेशमाची खूण) आणि हँडलूम मार्क (हातमागाची खूण) घेतले असतील तर तेही तिथेच दाखवा.

पैसे घेण्याची सोय साइटवर पहिल्या वर्षी नसली तरी चालेल. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, बाहेरचा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडावा लागतो. त्याचे साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी, शिवाय प्लॅननुसार शॉपिफायचा व्यवहार आकार वेगळा. साडीची किंमत, ‘विकली गेली’ची खूण आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण एवढं दाखवणारी साइट याहून कमी पैशांत होते. पैसे आजच्यासारखे यूपीआयने किंवा थेट खात्यात घ्या.

आता मिस्टरांच्या भाड्याच्या घराबद्दल. डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि होस्टिंगचं भाडं दोन्हीकडे दर वर्षी भरायचंच आहे. उरला कोड, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कंपनीकडून पैसे देऊन करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी करारानेच तुमच्या नावावर होतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांचाच धरला जातो. तुमच्या कोटेशनमध्ये याचा उल्लेख नाही. खरोखर मालकीची ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे डोमेन. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलने घ्या, भाच्याच्याही नको. बिल्डरवरून ग्राहकांची आणि साड्यांची यादी दर महिन्याला उतरवून ठेवा. सवलत दिसली म्हणून तीन वर्षांचा प्लॅन एकदम घेऊ नका.

‘हा खर्च टॅक्समधून वजा होतो’ असं कंपनीने सांगितलं असेल, तर आधी तुमचं रिटर्न बघा. एवढ्या उलाढालीचे बरेच व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून), म्हणजे प्राप्तिकराच्या जुन्या कायद्यातल्या कलम ४४एडीनुसार, रिटर्न भरतात. तसं असेल तर वेबसाइटचा खर्च वेगळा वजा मिळत नाही.

एफडीची मला जास्त काळजी आहे. दुकानदारांकडे पैसे अडकलेले असताना बेंगळुरूचं रेशीम आणि सुरतेची जर तुम्ही याच एफडीच्या जिवावर भरता. जीएसटीसह २,८३,२०० दिलेत तर हाती सत्तर हजारही राहत नाहीत. एका दुकानदाराने महिनाभर उशीर केला तरी माग थांबेल आणि कारागिराची मजुरी अडेल. दुसरं म्हणजे, बँकेतल्या ठेवीला मिळणारं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. मुदत संपली की ही रक्कम बँकेत हलवा. तिथे एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेव्हा उचलता येणारं कर्ज) मंजूर करून ठेवलात, तर रेशीम घेताना ती मोडावीही लागणार नाही. साइटचे सुरुवातीचे साठ-पासष्ट हजार मात्र एफडीला हात न लावता, दुकानदारांच्या येणाऱ्या पैशांतून दोन हप्त्यांत काढा.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. त्याआधी दोन महिने साइट उभी हवी. प्रत्येक थेट ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारा आणि वहीत लिहा. दोन लग्नसराया गेल्यावर थेट विक्री ४५ वरून ८० च्या पुढे गेली असेल आणि चौकशांचे कॉल तुमच्याने आवरत नसतील, तर त्या वाढीव नफ्यातून बांधीव साइटचा विचार करता येईल. तेव्हा वहीतले आकडे पाठवा, हिशेब नव्याने मांडू.