कागद नंतर, आधी नाव

प्रिय बाळा,

‘बाबा घरी आले, आता तो विषय कशाला काढायचा’ असं लिहिलंयस. आणि चार ओळींनी खाली, ‘डॉक्टरांनी व्हेंटिलेटरला हो की नाही विचारलं तेव्हा हातपाय गळाले’ असंही. अरे, विषय का काढायचा ते तूच लिहून बसलायस. बाबांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या नि फुप्फुसांचा जुनाट आजार, असा एकदा येऊन जाणारा नाही. पुढच्या वेळी हाच प्रश्न याच घाईत येईल आणि तेव्हा बाबांना दमामुळे शब्द फुटणार नाही. आज ते खुर्चीत बसून पेपर वाचतायत. आज विचार.

लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा, नमुना मागितलायस. पाठवीन. पण आधी नाव. बाबांना बोलता येईनासं झालं तर त्यांच्या वतीने कोण बोलणार, ते त्यांच्या तोंडून ठरू दे.

माझं आयुष्य आयसीयूत गेलं, म्हणून एवढ्या हट्टाने सांगते. दाराबाहेर थोरला म्हणतो, सगळं करा. धाकटी नुसती रडते. परदेशातले काका व्हिडिओ कॉलवर म्हणतात, पैशाकडे बघू नका. आत पडलेल्या माणसाला काय हवं होतं, हे कुणीच बोलत नाही. मग पैसा आणि धीर संपला की डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा, कागदावर सही करून पेशंटला घरी नेतात. दम कमी करणारं मॉर्फिन मिळत नाही, जवळ नर्स नसते. असे किती जण माझ्या डोळ्यांदेखत स्ट्रेचरवरून गेले. माझ्या हातात काही नव्हतं, तरी त्याची टोचणी आजही आहे.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबागबद्दल तू वाचलं असशील. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, तेव्हा ती पंचविशीत होती. मेंदूला इजा झाली, ती पुन्हा कधी भानावर आली नाही. 18 मे 2015 ला ती गेली, तोवर तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. तिला मरू द्यावं, अशी याचिका एका लेखिकेने केली होती. 7 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. त्या निकालाने दयामरणाची वाट किती उघडली, याचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, हे कोर्टाला ठरवावं लागलं आणि कोर्टाने तो तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या लोकांना दिला. तिला स्वतःला ते सांगून ठेवायची संधीच मिळाली नाही. बाबांना ती आहे.

कायद्याचं म्हणशील तर 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट घातली. 24 जानेवारी 2023 ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्यायची, एक महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. बरा होण्याची आशा नसलेल्या आजारातच ते लागू होतं, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर. विचार बदलला तर लेखी रद्दही करता येतं. आणि त्या कागदातही नाव लिहावंच लागतं! एकापेक्षा जास्त लिहिता येतात, पण पहिलं कोण हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

मी माझ्या कागदावर मुलाचं नाव घातलं नाही, सुनेचं घातलं. तो महिनोन्‌महिने माझ्याशी धड बोलला नाही. माझी बहीणही म्हणाली, पोटच्या पोराला डावललंस. नाही डावललं. त्याची माया मला ठाऊक आहे, म्हणूनच. मी ‘पुरे’ लिहून ठेवलं तरी तो ते डॉक्टरांसमोर उच्चारू शकणार नाही, ती उच्चारेल. जवळचं माणूस आणि बोलू शकणारं माणूस एकच असेल असं नाही. मी केलं ते बरोबरच केलं.

म्हणून तुझंच नाव निघेल असं धरून चालू नकोस. बाबांनी ताईचं घेतलं तर रुसायचं नाही. आई म्हणतील, अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तू म्हणते. त्यांना म्हणावं, मग बाबांना दम लागून यातना होऊ नयेत, यालाही तथास्तूच म्हणेल. आणि ‘मी बाबांचं मरण चिंततोय असं वाटतं’ हे मला परत लिहू नकोस. दुसऱ्या कुणी त्यांच्यावर काही लादू नये म्हणून तू विचारतोयस.

बाबांना सरळ विचार: नळी घालून चार दिवस बघायचं, सुधारणा नसेल तर थांबायचं, असं चालेल का? गळ्याला भोक पाडून महिनोन्‌महिने काढायला तयार आहात का? शेवटी घरी राहायचंय की दवाखान्यात? ज्याचं नाव ठरेल त्याला तिथेच बसव, त्याने ऐकायला हवं.

तूही रोज हायवेने मोटरसायकलवर जातोस. तुझ्या कागदावर कुणाचं नाव घालणार, तेही कळव. नमुन्याच्या दोन प्रती पाठवते.

तुझी,
मावशी